चारशे थर्मामीटर

नोंद करून ठेवते, कारण नोंदी करणं हेच माझं काम होतं:
ब्याण्णवच्या शरदात आम्हा सगळ्यांना देश वाटून दिला.
माणशी एक कागद, नक्षीदार,
पोस्टाच्या खिडकीतून, सही घेऊन.
कपितोलीना म्हणाली, "माझ्या वाट्याला कुठला तुकडा गं?
समुद्र आला तर बरं."
तीस वर्षं ती कारखान्यात काच फुंकत होती.
तिच्या श्वासाच्या नळ्या
अर्ध्या देशाच्या काखेत जाऊन आल्या होत्या.

मॉस्कोहून एक मुलगा आला, कोवळा,
चष्म्याची काडी चावत बोलणारा.
फळ्यावर त्यानं एक रेघ काढली:
आधी खाली जाणारी, मग वर.
"हा खालचा भाग लवकर संपेल," म्हणाला.
त्याला सहाची गाडी पकडायची होती.

त्याच वर्षी जानेवारीत दर मोकळे सोडले होते.
आईनं रुमालात बांधून ठेवले होते
स्वतःच्या शवपेटीचे पैसे.
मार्चमध्ये ती गेली तेव्हा
त्या रुमालात दोन किलो सॉसेज होतं, फार तर.

मग फाटकापाशी ट्रक लागला.
उपसंचालक वादिम अर्कादिच, कानटोपी मागे सारून, हसतमुख:
एका कागदाला दोन बाटल्या.
आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात,
पण आवळा तरी खरा असतो.
त्या व्होदकात पाणी होतं.
संध्याकाळपर्यंत कारखाना त्याचा झाला
आणि आम्ही सगळे जरा जास्तच हसत घरी गेलो.

आता माझी नोंद.
भट्टीची किंमत लिहिताना मी एक शून्य गाळलं.
त्यानं सांगितलं म्हणून. नुसतं सांगितलं, धमकी वगैरे काही नाही.
दुसऱ्या दिवशी टेबलाखाली खोकं होतं:
फिनलंडचे बूट, आतून लोकर, माझ्या मापाचे.
माझं माप त्याला कसं माहीत, हे मी कधी विचारलं नाही.

मार्चचा पगार ऑगस्टमध्ये आला.
माणशी चारशे थर्मामीटर.
रात्रीची एक्सप्रेस आमच्या स्टेशनात तीन मिनिटं थांबायची.
अख्खी पाळी खोकी घेऊन डब्यांना भिडायची:
मास्तर, नर्स, भट्टीवाले, मी.
"घ्या साहेब, पारा अस्सल आहे!"
खिडकीतला एकजण म्हणाला, बाई, मला ताप नाही.
मागून कुणीतरी ओरडलं, येईल, येईल!
पुढच्या स्टेशनावर पातेली होती,
त्यापुढच्यावर कापडी अस्वलं.
गाडी तशीच पुढे जायची
आणि फलाटाफलाटावर देश किलोच्या भावानं मिळायचा.

हिवाळ्यात कपितोलीनाचा नवरा तापला.
घरात चारशे थर्मामीटर आणि गोळी एकही नाही.
दवाखान्यात डॉक्टर होता, कपाट रिकामं.
ती तासातासाला नवं थर्मामीटर लावायची,
एखादं तरी कमी दाखवेल म्हणून.
झटकायची, लावायची, दिव्याखाली धरायची.
एकानंही दगा दिला नाही.
आमचा माल चांगला होता.

वसंतात भट्टी कापली. त्याच फलाटावरून
भंगार म्हणून गेली ती, सात वाघिणी.
पावतीवर वजन मी तपासलं, बरोबर होतं.
बंदराच्या पावतीवरची किंमत नंतर पाहिली:
माझं शून्य तिथे होतं, जागच्या जागी.
वादिम अर्कादिच तोवर कुठल्याशा उबदार देशात.
फळ्यावरची ती रेघ कुणी पुसली नव्हती,
कारण डस्टरसुद्धा विकला गेला होता.

पारा तेवढा मागे राहिला. जमिनीत, फळ्यांच्या फटीत.
पोरं तिथे खेळायला जातात. ओरडून ओरडून
माझा घसा बसतो. ती म्हणतात,
आजी, बघ ना, पकडला की निसटतो!

बूट अजून टिकलेत.
परवा पायरीवरचा बर्फ झटकताना कपितोलीनानं विचारलं,
"छान आहेत. कुठून घेतलेस?"
"बाजारातून," मी म्हणाले.